आपल्या पायानं आलेला

"कुत्री घेतोय, कुत्रीऽऽ! म्हातारं असो, आजारी असो, चावकं असो... जितं असलं की घेतोय!"

बांधावरून हा भोंगा यायला लागला की थोमबाईच्या टपरीत बाकाखाली झोपलेला वेन थरथरायला लागायचा. खरं तर त्याला आताशा काही ऐकू येत नसे. थाळी कानाजवळ आपटली तरी डोळा उघडायचा नाही. पण हा भोंगा त्याला बरोबर कळायचा. कशानं कळायचा ते देव जाणे; फटफटीच्या मागच्या पिंजऱ्याचा वास येत असेल. थोमबाई लगेच पाय लांब करून त्याच्या पाठीवर ठेवायची. मग वरती गिऱ्हाइकाला चहा ओतताना तिचा स्वतःचा हात कापायचा. कुत्रं घाबरलं म्हणून बाई घाबरायची, की बाई घाबरायची म्हणून कुत्रं, हे त्या दोघांनाच ठाऊक.

थोमबाई धीट बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गडगडाट झाला की ती खाटेखाली जायची. पोलीस चहा प्यायला आला तरी तिला घाम फुटायचा, आणि बाजारातले जिवंत वाम मासे बघून ती रस्ता बदलायची. तिचा नवरा लाम म्हणायचा, "हिची सावली जरा जाड पडली तरी ही टोपी टाकून पळेल." लाम होडीवाला होता. कालव्यावर पूल नव्हता तेव्हा ह्या काठाची माणसं त्या काठाला तो पोचवायचा, आणि धक्क्यावर थोमबाई हिरवा चहा, शेंगदाण्याची चिक्की आणि बांबूच्या चिलमीचा झुरका विकायची. मग पूल झाला. होडी उलटी पडली ती पडलीच. लाम टपरीतच बसून पुलाला शिव्या द्यायचा, आणि पुलावरून येणारी गिऱ्हाइकं त्या ऐकत चहा प्यायची.

वेन त्यालाच सापडला होता. कुत्र्यांनी खचाखच भरलेला ट्रक बांधावरून जाताना एक कुत्रं खाली पडलं. गळ्यात तार रुतलेली, तोंड बांधलेलं. लामनं होडीच्या पकडीनं तार तोडली. अंगावर वाघासारखे पट्टे, म्हणून नाव वेन, म्हणजे पट्टेवाला. एक कान अल्सेशियनसारखा ताठ, दुसरा गावठी, लोंबता. "बाप साहेब, आई मोलकरीण," लाम सांगायचा. गळ्याभोवती तारेची जागा होती तिथं पुन्हा केस उगवले नाहीत.

यंदा भातकापणीनंतर लाम गेला. थोमबाईच्या सदऱ्यावर छातीशी सुतकाची काळी चिंधी टाचली गेली. आणि वर्ष सरता सरता, तेतचा म्हणजे नव्या वर्षाचा सण तोंडावर आला असताना, दक्षिणेतून मुलाचा, त्वानचा, फोन आला.

"आई, हिचे दिवस भरत आलेत. तुला यावंच लागेल. तेतच्या दुसऱ्या दिवशीच्या बसचं तिकीट काढलंय. पहिल्या दिवशी बाबांच्या फोटोपुढं ताट ठेव आणि दुसऱ्या दिवशी निघ."

"आणि वेन?"

पलीकडे जरा वेळ कारखान्याची घरघर ऐकू आली.

"आई, आम्ही चौघं एका खोलीत राहतो गं. मालक मांजरसुद्धा ठेवू देत नाही. कुणाला तरी देऊन टाक ना."

देऊन टाक! पोराला बोलायला काय जातंय? चांगल्या पिल्लालासुद्धा त्या मुलखात चार घरं फिरवावं लागतं. इथं तर दात झिजलेलं, एका डोळ्यात मोतीबिंदू आलेलं, ठार बहिरं कुत्रं. आणि वेळ कुठली, तर वर्षाच्या शेवटच्या महिन्याची अखेर. त्या भागात महिना सरताना लोक कुत्र्याचं मटण खातात. महिनाभराची साडेसाती त्यानं धुऊन निघते म्हणतात. चंद्राचा नवा महिना लागला की कुणी शिवत नाही, उलट तेव्हा खाल्लं तर साडेसाती घरात येते. वर्षाच्या अखेरीला तर अख्ख्या वर्षाची साडेसाती धुवायची असते. मग भोंगेवाले दिवसातून कितीदा तरी येतात, आणि त्यांच्या मागून तारवाले. भोंगेवाला निदान विचारून नेतो. तारवाले भर दुपारी येतात, गाव जेवून आडवं झालेलं असताना. एक गाडी चालवतो, दुसऱ्याच्या हातात काठी, काठीला तारेचा फास.

थोमबाई दारोदार फिरली. बहुतेकांनी हसून वाटेला लावलं. "मावशी, भीक नको पण कुत्रं आवर," असंही एकजण म्हणाला. नाही म्हणणाऱ्यांचा तिला राग आला नाही. तिला भीती वाटली ती हो म्हणणाऱ्याची. वीटभट्टीवरचा तान म्हणून एक होता, तिच्या लांबच्या नात्यातला. तो फटदिशी हो म्हणाला.

"आणा की मावशी. माझ्या भट्टीवर राखणीला ठेवतो. म्हातारं तर म्हातारं."

"त्याला ऐकू येत नाही रे."

"मग काय झालं?"

"दिसतही कमीच."

"चालतंय हो!" तान खाली वाकला. त्यानं वेनचे दात पाहिले नाहीत, डोळे पाहिले नाहीत. पाठीच्या कण्याजवळची कातडी चिमटीत धरली, मांडी दाबून पाहिली आणि मान हलवली. "खायला चांगलं घालता की हो."

राखणीच्या कुत्र्याची मांडी कोण दाबतं? थोमबाई काहीतरी पुटपुटली, "लामची आठवण... विचार करते..." आणि वेनला ओढतच बाहेर पडली. घरी येऊन तिनं दाराला कडी घातली आणि कडीत लाटणं अडकवलं. त्या दिवसापासून टपरीत तिनं वेनला स्वतःच्या पायाला दोरीनं बांधून घेतलं. गिऱ्हाईक म्हणालं, "कोण कुणाला पळू देत नाहीये?" तिला हसू आलं नाही.

वाट काढली ती होआयनं. होआय कालव्यापलीकडच्या गावातली, बदकवाल्या थिन्हची बायको. बाजाराला जाता-येता टपरीवर टेकायची आणि वेनच्या लोंबत्या कानाशी खेळत बसायची. नवऱ्याबद्दल बोलायला लागली की चहा गार व्हायचा.

"ताई, माझ्याकडे आला असता हो हा. भिंतीचं आवार आहे, लोखंडी फाटक आहे. पण आमचे हे! गेल्या वर्षी कुठलंसं मांजर घरात शिरलं आणि मग बदकं मेली. रोग आला होता, सगळ्या गावाची मेली. पण ह्यांचं एकच. 'मांजर आलं तर दळिदर येतं, कुत्रं आलं तर दौलत येते. आपल्याकडे मेलं मांजर का आलं?' वर्षभर तेच चाललंय."

"मग कुत्रं घ्या म्हणावं. दौलत येईल."

"दिलेलं कुत्रं म्हणजे दौलत नव्हे, ताई. दिलेलं कुत्रं म्हणजे खायला एक तोंड. आपल्या पायानं आलं पाहिजे." होआयनं कप खाली ठेवला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग होआय हळू आवाजात म्हणाली, "आणि तेही आत्ता नको हं. आत्ता आला तर माझे दीर आहेत. त्यांची वर्षअखेरीची पंगत आमच्याच अंगणात बसते. धुवायला त्यांची साडेसाती डोंगराएवढी आहे."

म्हणजे ज्या घरात वेन जगणार, त्याच घरात तो दोन दिवस आधी पोचला तर पातेल्यात जाणार.

"पण तेतच्या पहिल्या सकाळी आला ना," होआय म्हणाली, "तर आपल्या पायानं आलेली दौलत हो! वर्षाच्या पहिल्या दिवशी! तो मरेपर्यंत हे त्याला कुशीत घेऊन झोपतील. माझ्या दिरांनी नुसतं वाकडं बघितलं तरी हे काठी काढतील."

बेत ठरला. पण बहिऱ्या, अर्ध्या आंधळ्या कुत्र्यानं परक्या गावातल्या फाटकात आपणहून जायचं कसं? थोमबाईला तर त्या सकाळी फाटकाजवळही फिरकता येणार नव्हतं. सुतकातलं माणूस तेतला दुसऱ्याच्या दारात गेलं तर त्या घराचं वर्ष काळवंडतं. वर्षातलं पहिलं पाऊल कुणाचं पडावं हे लोक जन्मसाल बघून ठरवतात, माणूस आधी बोलावून ठेवतात. तिथं काळी चिंधी लावलेली विधवा कुठून चालणार? तिचा ह्यावर विश्वास होता. उगाच वरवरचा नव्हे, खरा. होआयच्या घराचं आपल्यामुळे वाईट व्हावं, हे तिला वेनच्या मरणाइतकंच भीतीदायक वाटायचं.

तेव्हा उपाय एकच. कुत्र्याचं नाक शाबूत होतं. रोज दुपारी थिन्ह घोरायला लागला की होआय मागच्या फाटकाबाहेर, कमरखाच्या झाडाखाली, वाडग्यात माशाचा भात ठेवायची. थोमबाई वेनला घेऊन पूल ओलांडून यायची. आधी त्याच्याबरोबर वाडग्यापर्यंत, मग झाडाच्या अलीकडे थांबून, मग बांबूच्या बेटाआडून. वाट त्याच्या नाकात मुरली पाहिजे, पाय आपोआप वळले पाहिजेत. पण भर दुपार ही तारवाल्यांचीही वेळ. म्हणून वेन जेवत असताना थोमबाई रस्त्याकडे बघत उभी राहायची, आणि तिचं काळीज इतकं धडधडायचं की बांबू हलतोय असं वाटायचं.

शेवटी जे व्हायचं ते झालंच. वेन वाडग्यात तोंड घालून जेवत होता. पलीकडच्या वळणावर गाडीचं इंजिन बंद झालं, आणि गाडी आवाज न करता उतारावरून घरंगळत आली. दोन माणसं, तोंडाला फडकी. मागच्याच्या हातात काठी.

थोमबाईनं तोंड उघडलं. ओरडायला हवं होतं. ओरडली तर थिन्ह जागा होणार, फाटक उघडणार, कुत्रं आणि बाई दोघंही दिसणार, बेत संपला, हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं असं तिनं पुढे होआयला सांगितलं. खोटं. त्या क्षणी तिच्या मनात काहीही नव्हतं. भीतीनं आवाजच फुटला नाही. पाय मात्र पळाले, आणि मजा म्हणजे उलट्या दिशेनं. आयुष्यभर ज्या गोष्टीपासून पळायची तिच्याकडेच पळाली आणि वेनवर अंग टाकून दोन्ही हातांनी त्याची मान झाकून घेतली, तारेची जुनी जागा होती तीच.

"ए म्हातारे, ऊठ! मरायचंय का?"

ती उठली नाही. पाठीत लाथ बसली. टोपी उडाली. दुसऱ्यानं खिशातून काहीतरी काढलं, चर्र असा आवाज झाला आणि विजेचा चटका तिच्या दंडात शिरून बोटांतून बाहेर पडला. अंगाखाली वेन ओरडला. तिची मिठी सुटली नाही. बोटं आखडली होती, सोडायची म्हटली असती तरी सुटली नसती.

एवढ्यात भिंतीआड कुणीतरी पातेल्यावर झारा बडवायला लागलं. ढण ढण ढण! गाडी सुरू झाली, दोघं गेले. आतून थिन्हचा झोपाळू आवाज आला, "काय गं, काय झालं?"

"बदकांत मुंगूस शिरलं होतं! झोपा तुम्ही!"

"बदकं आहेतच किती? खाऊ दे," थिन्ह म्हणाला, आणि पुन्हा घोरू लागला.

होआय बाहेर आली तेव्हा थोमबाई चिखलात बसली होती. दात वाजत होते. "नाही जमायचं गं," एवढंच ती म्हणत होती. "नाही जमायचं. मी मरेन भीतीनं." होआयनं तिचा दंड चोळला. वेननं मात्र तेवढ्या वेळात उरलेला भात संपवला आणि वाडगं चाटून उलटं केलं.

त्यानंतर तेतपर्यंत थोमबाई वेनला घेऊन बाहेर पडली नाही. टपरीही उघडली नाही. तेतचे बान चुंगचे पुडे बांधायला बसली तरी कुत्रं मांडीशी. चिकट तांदूळ, डाळ, डुकराचं मांस, वर पानं, वर दोर. बांधताना दोर आवळला की तिला तार आठवायची. वर्षाच्या अखेरच्या सकाळी भोंगा दारावरून तीनतीनदा गेला. एकदा तर दारासमोर थांबलाच. "मावशी, आहात का?" भोंगेवाल्याला घेऊन आलेल्या तानचा आवाज. "आज भाव चांगला आहे हो!" ती खाटेखाली जाऊन बसली, वेनचं नाक हातानं दाबून. त्याला बिचाऱ्याला वाटलं, आजी खेळतेय.

पहिली सकाळ उजाडली. धुकं होतं. सगळ्या दारांत लाल कागद, कुंड्यांत पिवळी संत्री, आणि रस्त्यावर शुकशुकाट, कारण पहिल्या सकाळी बोलावल्याशिवाय कुणी कुणाकडे जात नाही. थोमबाईनं लामच्या फोटोपुढं ताट ठेवलं, उदबत्ती लावली. "तुमचा आहे तो. वाट दाखवा," म्हणाली. रडू येत होतं, पण पहिल्या दिवशी रडायचं नसतं. त्या दिवशी जे करावं ते वर्षभर होतं.

पुलाच्या मध्यावर तिनं दोरी सोडली. वेनच्या पाठीवर हात ठेवला, पुढे ढकललं. तो वाडग्याच्या वाटेनं निघाला, शेपूट जरा वर. चार पावलं गेला, मागे वळून बघितलं, पुन्हा निघाला. जमतंय, असं तिला वाटलं मात्र, आणि खालच्या काठावर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. बंदी आहे ना सरकारची? आहे. पण शहाण्या माणसाला बंदीचा फटाका जास्त गोड लागतो. बहिऱ्या कुत्र्याच्या पोटातसुद्धा तो आवाज शिरला. वेन उडाला तो पूल उतरून काठाला, तिथून उसात, तिथून कुठं ते धुक्यात दिसलंच नाही.

"वेऽन!" आवाज फुटला खरा, पण बहिऱ्याला हाक मारून उपयोग काय?

थोमबाई बांधावरून धावत सुटली. उसात शिरली, काटे लागले. होआयला फोन लावला तर तो सारखा गुंतलेला. पहिल्या दिवशी सगळा देश एकमेकांना शुभेच्छा देत बसतो. गावात शिरून विचारायची सोय नाही, छातीवर काळी चिंधी. ती काढून खिशात टाकावी, असं एकदा मनात आलं. हात चिंधीवर गेलाही. पण लामची ती शेवटची खूण, आणि असली फसवणूक पहिल्याच दिवशी! हात खाली आला.

तेवढ्यात समोरून एक फटफटी आली. मागे बांधलेलं पोतं हलत होतं.

तिनं विचार केला नाही. दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. गाडीवाल्यानं करकचून ब्रेक मारला.

"पोतं सोड! सोड माझं कुत्रं!"

"कसलं कुत्रं? सरका!"

थोमबाईनं दातांनी सुतळी तोडली. पोत्यातून एक लालभडक कोंबडा मान बाहेर काढून आरवला. गाडीवाला तिच्या छातीवरच्या चिंधीकडे बघतच राहिला, आणि मग त्याचा चेहरा रडवेला झाला.

"बाई, हे काय केलंत? सासऱ्याकडे पहिलं पाऊल टाकायला निघालोय मी! पहिल्याच सकाळी सुतकी माणूस आडवं! गेलं, माझं वर्ष गेलं!"

"चुकलं रे बाबा, चुकलं," म्हणत तिनं कोंबडा आत कोंबला. तिच्या हातून गाठ बसेना, सुतळी त्यालाच बांधावी लागली.

ऊन वर आलं तसं धुकं विरलं आणि भीती जास्तच दिसायला लागली. गटारात, बांबूखाली, वीटभट्टीच्या मागे. तानच्या दाराला कुलूप होतं. कुलूप पाहूनही ती घाबरली. हा पहिल्या दिवशी कुठं गेला? शेवटी पाय उरले नाहीत तेव्हा तिच्या लक्षात आलं की एकच जागा पाहायची राहिलीय, आणि तीच जागा तिला बंद आहे. थिन्हचं फाटक.

लांबूनच बघू, असं ठरवून ती कमरखाच्या झाडापर्यंत गेली. फाटक सताड उघडं होतं. अंगणात फुललेल्या पीचच्या कुंडीशेजारी, उन्हात, वेन आडवा पसरला होता. गळ्यात, केस न उगवलेल्या जागेवर, लाल रेशमी फीत. पुढ्यात बान चुंगचा तुकडा, त्यातलं मांस तेवढं खाल्लेलं. थोमबाईनं झाडाचा बुंधा धरला.

तिला वळायचं होतं, देवाशपथ. पण वारा तिच्याकडून अंगणाकडे वाहत होता. वेनचं नाक हललं. मग ताठ कान. मग तो उठला आणि लंगडत, शेपटीबरोबर अख्खं अंग हलवत, फाटकाबाहेर आला आणि तिच्या गुडघ्यांत डोकं खुपसून उभा राहिला.

मागून काठी टेकत थिन्ह आला. नवा सदरा, गुडघे दुखरे, चेहरा उजळलेला. त्याच्या पाठीमागे होआय, चेहरा पांढराफटक.

"फात! ए फात, कुठं चाललास?" थिन्ह म्हणाला. फात म्हणजे भरभराट. नाव ठेवूनही झालं होतं. मग त्यानं थोमबाईकडे बघितलं. "नवं वर्ष सुखाचं जावो, बाई. बघा, काय नशीब! पहिलं पाऊल टाकायला माझा आतेभाऊ यायचा होता, अश्वसालात जन्मलेला. रात्री ढोसून पडला. आणि सकाळी फाटक उघडतो तर हा! धापा टाकत सरळ आत आला. आपल्या पायानं! आमच्या घरात यंदा पहिलं पाऊल ह्याचं."

"चांगलं झालं, भाऊ," थोमबाई म्हणाली. आपला आवाज तिलाच ओळखू येईना.

थिन्हची नजर काळ्या चिंधीवर गेली. तिथून कुत्र्याच्या डोक्यावर, तिथून तिच्या हातावर. तो हात कधी वेनच्या लोंबत्या कानामागे गेला होता, तिला कळलंच नव्हतं. तिनं तो झटकन मागे घेतला.

"तुम्ही ओळखता का ह्याला, बाई?" थिन्हनं विचारलं. "कुणाचा आहे?"

होआयनं डोळे मिटले. चटका बसला तेव्हाही थोमबाई इतकी भ्याली नव्हती. हो म्हणावं, तर हा दिलेला कुत्रा, एक म्हातारं तोंड, आणि ह्याच महिन्याच्या अखेरीला दिरांची पंगत. नाही म्हणावं, तर वर्षाच्या पहिल्या दिवशी आपल्या माणसाला आपला नाही म्हटलं. आणि आज जे करावं ते वर्षभर होतं.

"नाही, भाऊ," ती म्हणाली. "माझा नाही. मी नाही ओळखत."

वेन तिच्या पायावर बसला होता. त्याला काय, ऐकूच येत नव्हतं.

खाली वाकायला थिन्हचे गुडघे कुरकुरले, पण तो वाकला आणि वेनच्या फितीची गाठ सारखी केली.

"माणसाळलेला दिसतोय," तो म्हणाला. "कुणीतरी जीव लावून वाढवलाय." पुन्हा चिंधीकडे बघितलं. "सुतक कधी फिटतं, ताई?"

बाईची ताई झाली, ते तिच्या कानांनी टिपलं.

"भातकापणीला वर्ष होईल."

"म्हणजे पुढच्या तेतला मोकळ्या तुम्ही. मग असं करा. पुढच्या वर्षी आमच्या घरात पहिलं पाऊल तुम्ही टाका. जिथं असाल तिथून या. मी बोलावतोय, हा आत्ताच सांगावा समजा. बोलावलेलं माणूस आलं नाही तर घराला बरं नसतं, ठाऊक आहे ना?"

"भाऊ, मी लांब चाललेय... आणि पुढच्या वर्षापर्यंत," तिनं वेनकडे बघितलं. वाक्य पुरं करवेना.

"असेल," थिन्ह जरा चिडूनच म्हणाला. "दौलत आहे ती माझी. मी जपणार नाही तर कोण? चल रे फात."

वेन जाईना. तेव्हा होआय पुढे झाली, माशाच्या भाताचं तेच वाडगं घेऊन. तो वासामागून आत गेला. फाटकाशी एकदा मागे वळला. थोमबाई पाठ करून चालायला लागली होती. बघितलं असतं तर पाय उचलला नसता.

ती रडली नाही. घरी आली, लामच्या ताटातला गार भात खाल्ला, बोचकं बांधलं. दाराला कडी घातली आणि सवयीनं लाटणं अडकवायला गेली. मग ते तसंच हातात धरून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटेची बस पुलावरून गेली तेव्हा पलीकडच्या बांबूच्या बेटावर उजेड फुटत होता. शेजारी बसलेल्या बाईनं टोपली सावरत तिच्याकडे बघितलं आणि घाबरून म्हणाली, "अगं बाई! तेतच्या दिवसांत रडू नये हो. काय झालं?"

थोमबाईनं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "पहिला दिवस होता तो काल," ती म्हणाली. "आज चालतं."